खडीवरच्या रेघा

एव्हर्टने अंगणातल्या खडीवरून तिसऱ्यांदा दाताळे फिरवले. फाटकापासून दारापर्यंतच्या रेघा सकाळीच सरळ झाल्या होत्या. दुपारी त्याने त्या मोडून पुन्हा ओढल्या, आणि आता उन्हे कलताना तो परत फाटकापाशी उभा होता. शनिवारी गावातली सगळीच अंगणे अशी विंचरली जात, कारण रविवारी कुणी झाडूलाही हात लावत नसे. पण एकदाच.

"विंचरतोयस की सोलतोयस?" आल्त्येने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारले. "खडीनं काही विरोधात मत दिलं नव्हतं."

बायकोकडे पाठ करून त्याने दाताळे पुढे ओढले. कुंपणावर त्याच्या पक्षाची पाटी अजून तशीच होती. बुधवारच्या मतमोजणीत एक जागा गेली आणि तिच्यासोबत नगरसभेतले बहुमत. जिंकलेल्या मार्लीसने लगेच जाहीर केले होते, की उन्हाळ्यापासून पोहण्याचा तलाव रविवारीही उघडा राहील. एव्हर्टने चाळीस वर्षे त्या एका दिवसासाठी मत दिले होते. सातातला एक दिवस देवाचा राहावा, गावाला स्वस्थ बसता यावे, याहून अधिक त्याने राजकारणाकडे कधी काही मागितले नव्हते.

शिवाय चर्चचे पाळक परगावी होते, आणि मंडळीतला ज्येष्ठ म्हणून उद्याची उपासना त्यालाच चालवायची होती. प्रवचन छापील वाचायचे. प्रार्थना मात्र स्वतःची. तिच्यात राज्यकर्त्यांसाठी मागणे दर वेळी असायचेच. गुरुवारपासून टेबलावरचा कागद कोरा होता.

तो आत आला तेव्हा आल्त्येने बायबलमधून एक जुनी चिठ्ठी काढून त्याच्यापुढे ठेवली. अक्षर त्याचेच होते. 'हे प्रभू, तू आम्हांला दिलेल्या नगरसभेबद्दल आम्ही तुझे आभार मानतो.'

"चार वर्षांपूर्वीची आहे," ती म्हणाली. "हेच म्हण की."

"तेव्हा गोष्ट वेगळी होती."

"हो. तेव्हा आपण जिंकलो होतो."

तो उठून पुन्हा बाहेर गेला.

फाटकाबाहेर सायकल धरून मार्लीस उभी होती. दोन घरे सोडून राहणाऱ्या दिर्क्येकाकूंची ही मुलगी. चर्चला येणे तिने केव्हाच सोडले होते. पण फाटक उघडे असूनही रेघा मोडतील म्हणून ती आत आली नव्हती.

"अभिनंदन," एव्हर्ट म्हणाला, आणि दाताळ्याच्या दातात अडकलेले पान काढू लागला.

"त्यासाठी नाही आले, एव्हर्टकाका. आई उद्या चर्चला येत नाही म्हणतेय."

"तब्येत?"

"तब्येत ठणठणीत आहे. बेकरीत तिघीजणी तिच्याशी बोलल्या नाहीत, तेही ती सोसेल. पण उद्या प्रार्थना तुम्ही करणार, हे तिला कळलंय. सगळ्यांसमोर तुम्ही देवाला माझ्याबद्दल काय सांगाल, याची धास्ती घेतलीय तिनं."

"मी काय सांगणार?"

"तेच विचारायला आलेय."

पान निघाले होते, तरी त्याची बोटे दातांवरून फिरत राहिली.

"काकूंना म्हणावं, या. चर्चचं दार कुणाला बंद नाही. तुलाही नाही."

"माहितीये, काका." ती सायकलवर बसली. "तलावाचंही नसेल."

"आता एवढं बास, मार्लीस."

"बास," ती म्हणाली आणि निघून गेली.

रविवारी दिर्क्येकाकू आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, काळी टोपी, चाकांचा वॉकर. तिसऱ्या बाकावरच्या आपल्या नेहमीच्या जागी त्या बसल्या, आणि उजवी-डावीकडच्या बायका प्रत्येकी हातभर सरकल्या. एव्हर्टला व्यासपीठावरून ते स्पष्ट दिसले. खिशात जुनी चिठ्ठी होती. प्रार्थनेत आजारी माणसांसाठी मागून झाले, विधवांसाठी झाले, राजासाठी झाले. मग तो थांबला. चिठ्ठीतले वाक्य ओठांपर्यंत आले, पण देवाशी खोटे बोलण्याची त्याला सवय नव्हती. बाकांवर कुणीतरी खोकले.

"प्रभू, आभार मानायला मन अजून तयार नाही, हे तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मार्लीसचा बाप्तिस्मा इथेच झाला. तिला शहाणपण दे. आणि तिच्या आईला तुझ्या या घरात मान खाली घालावी लागू नये. आमच्यामुळे तर नकोच."

प्रवचनाच्या सुरुवातीला दिर्क्येकाकूंनी नेहमीप्रमाणे पेपरमिंटच्या गोळ्या काढून दोन्हीकडे धरल्या. डावीकडची बाई स्तोत्रसंहितेत बघत राहिली. उजवीकडचीने जरा वेळाने हात पुढे केला.

चर्चच्या दारात लुबर्टने त्याला गाठले. लुबर्ट पक्षाचा जुना कार्यकर्ता.

"आभार मानले नाहीस ते बरं केलंस. पण तिचं नाव कशाला घ्यायचं?"

"दुसरं कुठलं घेऊ? तिचं तेच आहे."

घरी परतताना त्याचे पाऊल नेहमीपेक्षा झपझप पडत होते. आपण आज काही सोडून दिले की राखले, हे त्याचे त्यालाच ठरवता येत नव्हते. कोट उतरवून तो बसला, उठला, पुन्हा बसला. आल्त्ये मागून सावकाश आली, आणि तिच्याबरोबर दिर्क्येकाकू.

"कॉफीला बोलावलंय मी," आल्त्येने सांगितले.

काकूंनी केकचा तुकडा संपवला, कप खाली ठेवला.

"तलावाचं म्हणशील तर, एव्हर्ट, मी काही जाणार नाही हं," त्या म्हणाल्या. "पोहायचा पोशाखच नाही माझ्याकडे."

आल्त्ये आधी हसली. एव्हर्ट खिडकीकडे वळला, म्हणून त्याचा चेहरा कुणाला दिसला नाही.

बाहेर फाटकापासून दारापर्यंत वॉकरच्या चाकांचे दोन वाकडेतिकडे माग उमटले होते. मध्ये एका ठिकाणी काकू दम घ्यायला थांबल्या असाव्यात. तिथे खडी पार विस्कटली होती. एव्हर्टचा हात आपोआप दाराच्या मुठीकडे गेला.

"आज रविवार आहे," आल्त्ये म्हणाली.

"ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि काकूंचा रिकामा कप उचलून पुन्हा भरायला घेतला.