जुना पत्ता

"सामान हलवणं सोपं असतं गं. जुना पत्ता विसरायला लावणं अवघड. ते आधी कर."

ऑफिसातल्या मोठ्या बाई हे सांगायच्या तेव्हा त्यांची नजर पडद्यावर असायची आणि हात चष्मा शोधत असायचा. चष्मा असायचा डोक्यावर. त्या निवृत्त झाल्या आणि बोलत्या पाटीचं कर्नल, म्हणजे तिच्या प्रोग्रॅमचा गाभा, माझ्याकडे आलं.

ज्यांचा आवाज जाणार आहे अशांसाठी आमचं ऑफिस ही पाटी बनवतं. आवाज असेतो माणूस आपली वाक्यं रेकॉर्ड करून ठेवतो. पुढे चित्रावर बोट ठेवलं की पाटी त्याच्याच आवाजात ते वाक्य बोलते. कर्नल हा आतला कारभारी. वाक्यं खऱ्या मेमरीत जागा मिळेल तिथे पांगलेली असतात. कारभारी त्यांना ओळीने पत्ते देतो आणि कुठला पत्ता म्हणजे कुठली खरी जागा, याचा नकाशा सांभाळतो.

नव्या पाटीत मेमरी वाढली आणि जुनी वाटणी तोकडी पडू लागली. म्हणून मी पत्त्यांची सगळी मांडणी बदलली. कर्नलला वरच्या अंगाला सरकवलं आणि खाली मोकळ्या झालेल्या पट्ट्यात आवाज आणून बसवले. प्रोसेसर काही दर वेळी नकाशा उघडत बसत नाही, नुकतेच पाहिलेले पत्ते जिभेच्या टोकावर ठेवतो. म्हणून जिथे जिथे नकाशाला हात लावला, तिथे तिथे त्याला जुनं विसरायला लावलं. ऑफिसच्या टेबलावर पाटी दिवसभर अचूक बोलली. मग ती मी घरी आणून आईंच्या हातात दिली. आई म्हणजे माझ्या सासूबाई; घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला होता. त्या खालच्या मजल्यावर आपल्या खोलीत एकट्या राहतात, चावी कमरेला.

आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

आईंनी पाणी मागितलं तर पाटी म्हणाली, "दार लावून घे." मी दार लावलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. जेवताना त्यांनी ताटावर हात आडवा धरून पाटी दाबली तर ती म्हणाली, "मला जरा बसू दे." त्या बसलेल्याच होत्या. पुढचे दोन-चार प्रश्न व्यवस्थित गेले. मग पुन्हा काहीतरी भलतंच.

माझे धाकटे दीर भेटायला आले होते. त्यांना हसू आवरेना. "आई, राँग नंबर!"

आईंना ते लागलं. आयुष्यभर त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं होतं. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात दोऱ्या. या माणसाची तार त्या माणसाला जोडून द्यायची. चुकीची जोडणी दिली असं त्यांना कुणी कधी म्हणालं नव्हतं. त्यांनी पाटी बाजूला ठेवून कागदावर लिहिलं, 'मी पाणीच दाबलं होतं.'

"तिला तसंच वाटणार ना, वहिनी," जिन्यात भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही मशीन तपासलंय. मशीन बरोबर आहे. मग चुकतंय कोण?"

मी पाटी पुन्हा ऑफिसात नेली. सगळी चित्रं उलटसुलट दाबली. प्याला म्हटलं की पाणी, तळहात म्हटलं की पुरे, किल्ली म्हटलं की "चावी माझ्याजवळच राहू दे". एकदाही चूक नाही. घरी आणली की पुन्हा तेच. आईंनी कुठलं चित्र दाबलं ते बघायला जावं तर तोवर पडदा काळा झालेला असायचा. माझं डोकं चालेना. मशीनला खोटं ठरवायला काही हाती लागत नव्हतं, आणि आईंच्या डोळ्यांकडे पाहिलं की त्यांना चुकीचं ठरवायला जीभ उचलत नव्हती. पण खरं सांगायचं तर एका रात्रीपुरतं मलाही वाटून गेलं, वय कुणाला चुकलंय?

भाऊजींनी डॉक्टरांची वेळ घेतली. आईंना एकटं ठेवणं बरं की नाही, हे त्या तपासून सांगणार होत्या. नाही म्हणाल्या तर भाऊजींनी देखभालीच्या घरात जागा बघून ठेवली होती. तिथे खोलीला कुलूप नसतं, म्हणून चावीचाही प्रश्न नसतो. आमचे हे परगावी होते. फोनवर म्हणाले, "डॉक्टर काय म्हणतात ते बघू." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईंचा हात हातात घेऊन मी म्हटलं होतं, "आई, तुम्ही जे दाबाल तेच ही पाटी बोलेल. तुमचं बोलणं मी दुसऱ्याचं होऊ देणार नाही." तेव्हा त्यांना आवाज होता. त्या म्हणाल्या होत्या, "बघ हं. शब्द दिलायस."

तपासणीच्या दिवशी सकाळी दिवा लावून मी खाली गेले. दिवा लावल्यावर तासभर बोलायचं नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. आईंचा आवाज गेल्यापासून तो तास मी त्यांच्या खोलीत काढते. दोघी गप्प. बोलायचं नसलं की माणूस बघत तरी बसतो. मी बघत होते.

आईंनी प्याल्याच्या चित्रावर बोट ठेवलं. पाटी बरोबर म्हणाली, "पाणी हवंय." वाक्य संपलं, आणि त्याच हाताने, न बघता, त्यांनी कडेचं बटण दाबलं. पडदा काळा. मी पाणी दिलं. प्यायल्यावर त्यांनी पाटी उठवली, तळहात दाबला. "चावी माझ्याजवळच राहू दे," पाटी म्हणाली. लगेच बटण. काळा पडदा.

बोलणं झालं की लाइन मोकळी करायची. तिकडे कुणीतरी वाट बघत असतं. एक्स्चेंजमधली सवय, हाताने अजून सोडलेली नाही. आम्ही ऑफिसात पाटी दिवसभर जागी ठेवायचो. प्रत्येक वाक्यामागे तिला झोपवायचं आणि उठवायचं, हे आमच्यातल्या कुणाला सुचलंच नव्हतं.

मी पाटी खुणेने मागून घेतली. जागी ठेवून प्याला दाबला, पाणी. पुन्हा दाबला, पाणी. झोपवली, उठवली, दाबला. "दार लावून घे."

झोपेतून उठताना कर्नल क्षणभर एक कच्चा नकाशा वापरतं, मग पक्का हाती घेतं. जुन्या मांडणीत कच्च्या नकाशाचे पत्ते आणि आवाजांचे पत्ते एकमेकांच्या वाटेत येत नव्हते. मोठ्या बाईंच्या वेळी तिथे विसरायला लावायची गरज पडली नव्हती, म्हणून त्या वाटेला मीही हात लावला नव्हता. पण आता आवाज त्याच खालच्या पट्ट्यात राहायला आले होते. प्रोसेसर जागा व्हायचा तो कधीकधी कच्चा पत्ता जिभेवर घेऊनच, आणि भलत्याच दारात जाऊन उभा राहायचा.

तेवढ्यात भाऊजी आले. "तयार का, आई? डॉक्टर दुपारच्या आहेत, पण म्हटलं लवकरच..." आमच्या दोघींकडे बघून ते थांबले. "काय झालं? वहिनी, तुमचा तो तास चाललाय वाटतं. म्हणजे आता या खोलीत बोलणारा मी एकटाच!"

मी पाटी त्यांच्या हातात दिली आणि खुणेने सांगितलं, प्याला दाबा.

"पाणी हवंय," पाटी म्हणाली.

बटण दाखवलं. त्यांनी झोपवली. उठवली. प्याला दाबला.

"पुरे झालं," पाटी आईंच्या खणखणीत आवाजात त्यांना म्हणाली.

भाऊजींनी पाटी अलगद खाली ठेवली, मग परत उचलली, पुन्हा करून बघितलं. "पण मी तर पाणीच..." ते म्हणाले. आईंनी त्या दिवशीचा कागद उशीखालून काढून त्यांच्यासमोर धरला. त्यावर तेच लिहिलेलं होतं.

"थांबा, थांबा," ते कपाळाला हात लावून म्हणाले. "म्हणजे आई विसरत नाहीये. मशीन विसरतंय."

मी मान हलवली, नाही.

"मशीन विसरत नाहीये?"

मी पुन्हा तशीच मान हलवली.

"मग विसरतंय तरी कोण, वहिनी?"

कुणीच विसरत नव्हतं, तीच तर अडचण होती; उठताना कच्चा पत्ता विसरायला लावायचं माझ्याकडून राहिलं होतं. पण हे खुणेने कसं सांगणार? आई मात्र आवाज न करता हसत होत्या. खांदे हलत होते.

"दुपारपर्यंत नीट होईल?" भाऊजींनी विचारलं. "नाहीतर मी डॉक्टरांना पुढची वेळ मागतो. अशी पाटी घेऊन तिला नाही न्यायचं."

मी पाटी पुसून पिशवीत घातली. आईंनी माझं मनगट क्षणभर धरलं आणि सोडलं. माझा तास अजून संपला नव्हता. दाराशी चपला घातल्या, दार हलक्या हाताने ओढून घेतलं आणि ऑफिसच्या रस्त्याला लागले.