सुगंधाच्या जेवणाची साक्ष

"पाच वडे? आये, मी वडो तोंडाक लावन वरीस झाला."

"मगे काय सांगूचा होता मी? माझी सून पेज पिऊन रवता म्हणान?"

"होय, ताच सांगूचा होता."

"आणि गावान माझ्या तोंडात शेण घालूचा?"

मी विळी बोलतेय. तोंडवलीच्या शेवंतीबाईंच्या मागच्या पडवीत भिंतीला टेकून मी हे भांडण ऐकत होते. एका बाजूला शेवंती, दुसऱ्या बाजूला तिची सून सुगंधा आणि मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत विमा कंपनीचे साहेब. त्यांच्या हातात सोलकढीचा पेला तसाच होता. बिचारे एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

भांडण इतक्यात मिटणार नव्हतं. तोवर माझं ऐका.

पुस्तकात मला विळी म्हणतात, आमच्याकडे आदाळो. आदाळो म्हटलं की पुरुष वाटतो. वाटू दे. माझा जन्म बायकांच्या पायाखाली गेला, मी स्वतःला बाईच समजते. माझा पाट फणसाचा, पातं फोंडाघाटच्या लोहाराने घडवलेलं. शेवंती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईने मला तिच्यासोबत धाडलं. सुरीने मासा कापणाऱ्यांची मला कीव येते. सुरी माशाकडे जाते. माझ्याकडे माशाला यावं लागतं.

शेवंतीनंतर मी सुगंधाकडे आले. एक पाय पाटावर दाबलेला, दुसरा गुडघा उभा, दोन्ही हातांत सुरमई. तुकडे असे पडायचे की पर्यटकांच्या खानावळीवाल्या तिलाच हाक मारायच्या. "सुगंधा, जरा बारीक काप गो," असं कुणी म्हटलं तर ती म्हणायची, "बारीक होया तर मोरी कित्याक घेतलंस? सुंगटा घेवची होतीस." मोरी म्हणजे शार्क आणि सुंगटं म्हणजे कोळंबी. हसताना तिचं सगळं अंग हलायचं, माझा पाटही हलायचा. ते दिवस झकास होते.

अंगाने ती पहिल्यापासून भरलेली. बाळंतपणानंतर वाढतच गेली. मग साखर आली, मग गुडघे गेले, मग झोपेत श्वास अडकायला लागला. गाव म्हणालं, खाते फार. लोकांना जाड माणसाचं ताट बघायला भारी आवडतं. मी त्या घरातला मासा चिरलाय, भाजी चिरलीय. कुणाच्या ताटात काय पडतं ते मला विचारा ना.

एकदा ती माझ्यावर बसली ती उठेचना. शेजारच्या विनीताने आणि घरच्या नम्रताने काखेत हात घालून तिला उठवलं. तिघी हसत होत्या, पण त्यानंतर सुगंधा माझ्याकडे फिरकली नाही. ओट्याशी उभी राहून सुरीने कापायला लागली, तेही दोन मासे कापून धापा टाकत. मी पडवीत नारळाच्या सोडणांच्या ढिगाशेजारी गंजत पडले.

नम्रता म्हणजे सुगंधाची मुलगी. कुडाळला नोकरी करते. तिच्या ऑफिसच्या विम्यात आईचंही नाव आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून पोट लहान करूया, नाहीतर ही साखर आणि हा श्वास कधी दगा देईल सांगता येत नाही. नम्रताने विम्याकडे मंजुरी मागितली. उत्तर आलं, सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला पैसे मिळत नाहीत. माणसाला रात्री श्वास मिळत नाही आणि ह्यांना सौंदर्य सुचतं.

डॉक्टरांनी खडसावून लिहिलं. मग कंपनीने विचारलं, बाईंनी आधी खाणं कमी करून बघितलंय का? बघितलं होतं की. वर्षभर पेज, उकडलेला बांगडा आणि अर्धी भाकरी. कंपनीने खात्री करायला घरी फोन केला. सुगंधा बाजारात गेलेली. फोन शेवंतीने उचलला.

"आजी, सूनबाईंचं जेवण कसं आहे?"

आता आमच्याकडे हा प्रश्न कोण विचारतं? सुनेच्या माहेरची माणसं विचारतात, सासू छळते की काय ते बघायला. शेवंतीने ताठ मानेने उत्तर दिलं, "पाच वडे खाता, वर कोंबड्याची सागुती, वर भात. आमच्याकडे कोण उपाशी रवणा नाय." पलीकडच्याने ते लिहून घेतलं आणि मंजुरी अडली. नम्रताने पुन्हा तक्रार केली, म्हणून हे साहेब स्वतः आले होते.

तुमचा जीव टांगणीला नको, म्हणून आधीच सांगते. मंजुरी आली. ऑपरेशन झालं. परवा सुगंधाने मला उचललं, काथ्याने आणि राखेने घासलं, खोबरेल लावलं, पडवीत मांडलं आणि ती बसली. सौंदाळे मासे साफ केले आणि भिंतीला हात लावून आपली आपण उठली. शेवंती अजून कुरकुरते, "वाटीभर जेवाण म्हणजे काय जेवाण?" सुगंधा हसते, आणि माझा पाट पुन्हा हलतो. म्हातारपणी याहून जास्त काय हवं? तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की मासा कापून झाला की आम्हाला ओलं टाकू नका, आणि कुणाचं अंग बघून त्याच्या ताटाचा अंदाज बांधू नका.

आता ते भांडण. साहेबांनी पेला खाली ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "आजी, फोनवर तुम्ही जे सांगितलं तेच कागदावर आहे. ते बदलायचं तर तुम्हालाच सांगावं लागेल. सूनबाई खरंच कमी जेवतात?"

परसाच्या दगडी गडग्यापलीकडे विनीता झाडू हातात धरून उभी होती, पण झाडत नव्हती. इथे बोललेलं संध्याकाळपर्यंत अख्ख्या तोंडवलीत जाणार, हे शेवंतीला पक्कं ठाऊक होतं. तिने विनीताकडे बघितलं. मग सुगंधाकडे बघितलं. एवढ्याशा भांडणाने सुगंधाला धाप लागली होती आणि ती खांबाला धरून उभी होती.

शेवंतीने पदर खोचला आणि विनीतालाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लिवा सायबानु, ह्या घरात माझी सून वरीसभर अर्ध्या पोटान उठता, आणि खाली माझाच नाव घाला."