क्रोमच्या टाकीवर

जानकूचं दहावं उरकून पाहुणे दुपारी आहुपे गावातून परतले, तरी बहिरू ओसरीवरच बसून राहिला. जानकू त्याचा पाठचा भाऊ. दोघंही चाकणच्या बाजूला एका प्लेटिंगच्या कारखान्यात गाड्यांच्या चाकांना क्रोम चढवायचे. बहिरूला तिथं अठरा वर्षं झाली होती. जानकूला जेमतेम नऊ. मग त्याला खोकल्यानं धरलं, आणि फुफ्फुसाचं दुखणं कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

जानकूची बायको इंद्रायणी भांडी आवरून आली आणि उंबऱ्याशी टेकली. नवरा महिन्यातून दोनदा घरी यायचा. कामाचं विचारलं, की चाकं चमकवतो, एवढंच सांगायचा.

"दादा, त्ये तिथं काय करायचे, नीट सांगा मला."

बहिरूनं सांगायला घेतलं. चाक आधी बफिंगला जातं, फिरत्या चकतीवर घासून गुळगुळीत करतात. मग धुवायचं, बोटाचा डागसुद्धा राहता कामा नये. अॅसिडात बुडवायचं, परत धुवायचं. मग तांब्याचा थर चढवायची टाकी, तिथून निकेलची. खरी चकाकी निकेलची, नाव मात्र क्रोमचं होतं. क्रोम सगळ्यात शेवटी, दोन-चार मिनिटांत चढतं, केसाहून पातळ. बोलता बोलता त्याचे हात चाक उचलल्यासारखे हलत होते.

"आन् त्ये कुठं असायचे?"

बहिरूचे हात थांबले. क्रोमच्या टाकीवर, तो म्हणाला. वीज सोडली की तिथल्या गडद तांबड्या पाण्याला फेस येतो आणि पिवळसर धुकं वर चढतं. ते ओढून घ्यायला पंखा होता, पण निम्मा वेळ बंदच असायचा. जानकूच्या हातावरच्या न भरणाऱ्या जखमा इंद्रायणीनं पाहिल्या होत्या. विळा लागला, असं तो म्हणायचा. नाकातून रक्त आलं की उन्हाळ्यावर ढकलायचा. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं होतं, हे तिला आज कळलं.

मग तिनं विचारलं, "त्यांना तिथं उभं कुनी केलं?"

साहेबानं, असं म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं.

"मी," बहिरू म्हणाला. "टाकी माझी व्हती. माझ्याबी नाकातनं रगत यायला लागलं, तवा सायेब म्हनला, बदली मानूस आन, तुला बफिंगला घेतो. म्या जानकूला आनलं."

"रक्ताचं सांगितलं व्हतं का त्यांना?"

"न्हाई."

इंद्रायणी उठून आत गेली. संध्याकाळी तिनं ताट आणून ठेवलं, पण वाढताना नेहमीसारखी थांबली नाही.

सोमवारी बहिरू कामावर गेला. साहेबानं जानकूबद्दल हळहळ व्यक्त केली आणि गावाकडून आणखी कोणी मिळेल का, असं विचारलं. आहुप्यात चार-पाच जण तरी एका शब्दावर आले असते. कोणी नाही, बहिरू म्हणाला, आणि स्वतःच टाकीवर उभा राहिला. आठवड्याच्या आत बिहारकडचा एक माणूस आला. बहिरूनं त्याला बाजूला घेतलं आणि मोडक्या-तोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, रक्ताचं, नाकाचं, भावाचं. त्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं. घरी दोन मुली आहेत, एवढं बोलून त्यानं हातमोजे चढवले.

त्याच दिवशी बहिरूनं काम सोडलं.

भातलावणीला तो न बोलावता जानकूच्या खाचरात उतरला. इंद्रायणीनं त्याला जा म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. रोपांची जुडी त्याच्या बाजूच्या बांधावर ठेवून ती दुसऱ्या टोकाला वळली. दिवसभर दोघांनी दोन टोकांनी लावणी केली.