सदऱ्याचा वास

सांगतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. माझी लेकही ठेवत नाही, आणि ती तर या गोष्टीत स्वतः होती, आईच्या पोटात.

आमची ही साबणाच्या कारखान्यात वास तपासायची. वास घेऊन घेऊन नाक बधिर झालं की तिथले सगळे आपल्याच कोपराच्या खळगीत नाक खुपसतात. स्वतःच्या अंगाचा वास घेतला की नाक ताळ्यावर येतं. पण हिला दिवस गेले आणि नाक असलं तिखट झालं, की स्वतःचं कोपरही सोसवेना. मग माझा जुना सदरा बरोबर न्यायची आणि साऱ्या कारखान्यादेखत त्यात तोंड लपवायची. मी लाजायचो. खोटं कशाला बोलू, मिरवायचो.

मी बसमधून उतरायचा असायचो, आणि इकडे घरात माझ्या वासावर चहाचं आधण चढलेलं! एकदा माझ्या कामावरच्या गोदामवाल्याच्या कपड्यांवर रंग सांडला. मी त्याला कामावर ठेवलेला माझा वापरातला सदरा दिला आणि निरोप सांगायला घरी पुढे पाठवला. मागून येऊन बघतो तर स्वारी माझा चहा ढोसतेय, आणि ही शेगडीकडे तोंड करून त्याला लाडानं झापतेय, "आजही भाजी विसरलात ना?" बिचारा "हो, हो" म्हणतोय!

लेक पोट धरून हसली. तिलाही सातवा चालू आहे. माझ्या डोक्याचं तेल सोसत नाही म्हणून मला खिडकीपाशी बसवलंय.

"आणि आता? येतो का आईला तुमचा वास?"

तुम्हाला म्हणून सांगतो, बाळंतपणानंतरही टिकलेली नाकाची धार हिची पाळी गेली तशी हळूहळू गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संप्रेरकं ओसरली की काहींचं होतं असं. तेव्हापासून मी येतो, मागे उभा राहतो, आणि ही आपली भांडी विसळत राहते. एकच सदरा आठवडाभर घालूनही पाहिला. हिनं तो मुकाट्यानं धुवायला टाकला.

"येतो म्हणजे काय! कालच अनवाणी, श्वास रोखून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. हिची पाठ माझ्याकडे. मान न वळवता म्हणाली, 'आलात?' अगदी तेव्हासारखं, गोड—"

"खोटं!" आतून ही ओरडली. "दारात उभं राहून खोकत कोण होतं मग?"