जिजीचं खरं नाव

नातीने घराण्याचा इतिहास लिहायला घेतला आणि सुरुवात माझ्यापासून केली. मोठ्या कागदावर चौकोन आखून ती समोर बसली. मी भराभर सांगत गेले, ती भरत गेली. माझ्या आठवणीची घरात चेष्टा होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या पडद्यांचा रंगही मी सांगते.

मग जिजीचा चौकोन आला.

जिजी म्हणजे आईची थोरली बहीण. शिवणाच्या कारखान्यात काजं करायची, डाव्या हाताने. माझी वेणी घालून मला शाळेत धाडायची तीच. मी आठ वर्षांची असताना तिला क्षयाच्या इस्पितळात नेलं. पुन्हा दिसली नाही. विचारलं की बाबा म्हणत, "येईल." मग मी विचारणं सोडलं. पण ती तिथेच वारली, की बरी होऊनही आमच्याकडे आली नाही, हे मला मरायच्या आत कळायला हवं होतं.

"खरं नाव काय तिचं?" नातीने विचारलं.

आई तिला जिजी म्हणे, बाबाही जिजी, शेजारीही जिजी. तिच्या एकुलत्या एका फोटोमागे बाबांनी लिहिलंय, 'आपण सगळे'.

तरी आम्ही इस्पितळात गेलो. जुनी कागदपत्रं सांभाळणारा माणूस भला होता.

"नाव सांगा आजी, पाच मिनिटांत काढतो."

"जिजी."

"अहो, माझ्या आत्याला सगळे बेबी म्हणतात. सत्तरीची आहे. ती बेबी म्हणून सापडेल का रजिस्टरात?"

नात हसली. हसू मलाही आलं.

साल पक्कं होतं, महिनाही. शाळा नुकती सुरू झाली होती. त्याने फडक्याने पुसून जाड रजिस्टर पुढे ठेवलं. नाव, वय, दाखल झाल्याची तारीख, शेवटी काय झालं ते. आडनाव नाही, पत्ता नाही. पुरुष वगळले, पोरीबाळी वगळल्या.

"वय किती असेल?" नातीने विचारलं.

मला तर जिजी म्हातारी वाटायची. आता हिशोब केला तर जेमतेम पस्तिशीची. त्या वयाच्या पाच बायका निघाल्या. दोघी बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या. तिघी तिथेच वारल्या होत्या.

नात सावकाश नावं वाचू लागली. "यातलं कुठलं ओळखीचं वाटतंय?"

एकही वाटेना. तिने पुन्हा वाचली, तेव्हा पाचही वाटायला लागली.

"परत वाच," मी म्हणाले. तिने वाचली. मी डोळे मिटून जिजीचा चेहरा समोर आणला, तो लगेच आला, कपाळावरच्या व्रणासकट. नाव काही त्याला चिकटेना.

बंद करायची वेळ झाली तसा तो माणूस हळूच म्हणाला, "आजी, घरी वडीलधाऱ्यांपैकी कुणाला तरी विचारून या. नाव कळलं की मी आहेच."

घरात माझ्याहून वडील आता कुणी नाही. तरी मी "बरं" म्हणाले, आणि नातीने मला उठायला हात दिला.