वाळुंजाखाली नेणारी पायरी

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाची एक जुनी पायरी आहे. इंग्लंडातल्या सेव्हर्न नदीकाठच्या कुंपणात, ते ओलांडण्यासाठी बसवलेल्या दोन फळ्या आणि धरायला एक खांब, एवढाच माझा संसार. माझ्यावरून माणसे जातात, गुरे जाऊ शकत नाहीत. गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाने छापलेल्या पुस्तिकेत माझा उल्लेख आहे: 'चर्चमागची गल्ली, मग मेंढ्यांचे कुरण, मग पायरी ओलांडून ऐंशी पावलांवर वाळुंजाच्या झाडाखालची गळ टाकायची जागा.' त्याचा मला फार तोरा होता.

मला मर्विन बेबच्या वडिलांनी बसवले. पुढे मंडळाने तीनदा मला काढून फाटक बसवायचे ठरवले. तिन्ही वेळा मर्विन सभेत उभा राहिला. "ज्याच्या गुडघ्यात दम नाही त्यानं घरी बसून विणकाम करावं!" तो गरजला आणि मी वाचले.

मग त्याचेच गुडघे गेले. माशांच्या विणीसाठी मार्चपासून बंद असलेली मासेमारी यंदा सोळा जूनला उघडली, तेव्हा सत्याहत्तर वर्षांचा मर्विन काठी टेकत माझ्यापाशी आला. मागे त्याची बायको एनिड, हातात गळ, जाळी आणि सँडविचचा डबा.

"उचल की पाय! का विणायच्या सुया आणून देऊ?"

"बोल बाई, बोल. आज तुझे दिवस आहेत."

"डॉक्टर काय म्हणाले? पुन्हा पडलास तर उठणार नाहीस. चल घरी."

"एकदा वाळुंजाखाली बसू दे, एनिड. मग म्हणशील तिथं येतो."

एनिडने डबा खाली ठेवला आणि त्याला मागून खांदा लावला. माझी खालची फळी कुजली होती. ती करकरली आणि माझा जीव टांगणीला लागला. पण तो पलीकडे उतरला.

दुपारी गळाला हिसका बसला. अर्ध्या तासाने जाळीत आला चार मिशांचा बार्बेल मासा, चौदा पौंडांचा! इतकी वर्षे मी नदीकाठी उभी आहे, पण असा मासा कधी पाहिला नव्हता. त्याच्या सोनेरी अंगाकडे मी नुसती बघतच राहिले.

इथे मासा पुन्हा नदीत सोडतात. पण झुंजून दमलेला बार्बेल लगेच सोडला तर उलटा होऊन मरतो. म्हणून मर्विन गुडघाभर पाण्यात उतरला आणि माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला दोन्ही हातांत धरून उभा राहिला. त्याचे पाय लटपटत होते.

"सोड रे त्याला, पडशील!"

"त्याचा दम परत येऊ दे."

वीस मिनिटे तो तसाच उभा होता. मग शेपटीचा एक फटकारा बसला आणि मासा खोल पाण्यात गेला. मर्विन लहान मुलासारखा हसत होता, रडतही होता.

परतताना मात्र त्याला माझ्यावर चढवेना. एनिडने मेंढ्यांच्या कुरणाच्या शेतकऱ्याला बोलावून आणले आणि दोघांनी त्याला पोत्यासारखे उचलून अलीकडे आणले.

"मंडळाला सांग," तो धापा टाकत म्हणाला, "फाटक बसवा."

"आणि बाबांची पायरी?"

"बाबा असते तर त्यांनाही आता फाटकच लागलं असतं."

खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटले. पण मित्रांनो, ते पाणी, तो मासा आणि मर्विनचा तो चेहरा मी पाहिला आहे. जुन्या वस्तू जपा, असे सगळेच सांगतात. मी म्हणते, आधी वाट जपा. सोमवारी सुतार येणार आहे. त्याला सांगा, मला बिनधास्त उखड, पण फाटक चांगले रुंद कर. मर्विन आता चाकांच्या खुर्चीत बसतो, ती त्यातून सहज गेली पाहिजे.