लख्ख वाफा

समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि पृथ्वी वाचवण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडली आहे. मुदत सोमवारपर्यंत. छाती दडपेल की नाही?

शाळेतल्या हवामान मंडळाच्या सेक्रेटरीची मात्र मुळीच दडपली नव्हती. मैत्रिणीच्या शेतावर ती निघाली ती पुठ्ठ्याचे चार मोठे फलक घेऊनच. हिरव्यागार शेतात फलक लावायचे, फोटो काढायचा आणि सोमवारी शाळेच्या फोटो-स्पर्धेत पहिला नंबर मारायचा. मैत्रीण बसने गेली. फलक बसमध्ये मावेनात, म्हणून सेक्रेटरी बाबांच्या गाडीतून गेली. मागच्या सीटवर फलक ऐसपैस पसरले होते. सर्वांत वरच्यावर लिहिलं होतं, ‘इंधन वाचवा’.

शेत बघून तिचा हिरमोड झाला. मैत्रिणीने स्वतःच्या हाताने लावलेला घेवड्याचा वाफा, वीतभर रोपं, आणि त्यांच्याभोवती वाळक्या गवताचा हा पसारा! फोटोत कसं दिसणार? मैत्रीण आणि तिची आत्या पंपाशी खटपट करत होत्या, तेवढ्यात सेक्रेटरीने वाफा लख्ख केला. गवत शेळ्यांपुढे टाकलं. शेळ्यांनी काडीसुद्धा मागे ठेवली नाही.

दुपारी रोपांनी माना टाकल्या.

“वाफा कुणी झाडला?” मैत्रीण किंचाळली.

“मी! केवढा कचरा होता गं!”

“कचरा? महिनाभर कापून कापून पसरलं होतं ते! आत्या, सांग ना हिला!”

आत्याने वाफ्याकडे बोट केलं. “सेक्रेटरीबाई, चपला काढा आणि उभ्या राहा वाफ्यात.”

सेक्रेटरी उभी राहिली. लगेच एका पायावर आली, मग दुसऱ्यावर.

“आता त्या शेजारच्या वाफ्यात.”

तिथे गवत होतं. त्याखाली माती गार होती, ओलसरही.

“दरवर्षी ऊन वाढतंय, विहीर लवकर आटतेय,” आत्या म्हणाली. “जमीन झाकली की आहे ते पाणी पुरतं. आम्ही फलक लावत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच.”

“मग घालू या ना परत गवत.”

“शेळ्यांच्या पोटात आहे. माग जा त्यांच्याकडे,” मैत्रीण म्हणाली. “आणि माझ्याशी बोलू नकोस.”

“उद्या कापू थोडं,” आत्या म्हणाली. “पण आजचं ऊन ही रोपं सोसतात की नाही, शंकाच आहे.”

सेक्रेटरीने रोपांकडे पाहिलं, मग झाडाला टेकवलेल्या फलकांकडे. जाड पुठ्ठा. दोन रविवार खपून काढलेली अक्षरं. फोटो अजून काढायचाच होता.

तिने आपला सर्वांत लाडका फलक उचलला, ‘धरती थंड ठेवा’. तो गुडघ्यावर धरून मधोमध फाडला. रोपांच्या दोन ओळींमध्ये अक्षरं खाली करून अंथरला. मग दुसरा घेतला, मग तिसरा, मग ‘इंधन वाचवा’. आणि हात पुसत मैत्रिणीसमोर जाऊन तिने पाण्याची झारी मागितली.